पावसाळी वाचन चॅलेंज : मोठ्याने वाचून दाखवलेलं पुस्तक धरायचं की नाही?

खाडीकाठची_वाचक
२१ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार सगळ्यांना. देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते मी. यंदा पहिल्यांदाच एका ऑनलाइन ग्रूपच्या पावसाळी वाचन चॅलेंजमध्ये नाव दिलंय. ग्रूपमधली माणसं छान आहेत, तक्रार कुणाबद्दलच नाही, प्रश्न माझा माझाच आहे. तर चॅलेंज असं की मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं आणि प्रत्येक नक्षत्राला एक पुस्तक, म्हणजे साधारण तेरा-चौदा दिवसांत एक. ७ जूनला सुरू झालं, आंब्याचं सगळं आवरलं होतं, पेट्या माळ्यावर गेल्या होत्या, मला वाटलं आता चार महिने आपलेच आहेत, नऊ काय सहज होतील.

आता पुष्य लागलंय, म्हणजे म्हातारा पाऊस. तीन पुस्तकं व्हायला हवी होती आणि माझ्या नावावर फक्त एक आहे.

झालंय काय ते सांगते. आमच्या आईंना (सासूबाई) दोन वर्षांपासून अक्षरं दिसत नाहीत, माणूस समोर आला की ओळखतात पण छापलेलं वाचता येत नाही. पूर्वी त्या भरपूर वाचायच्या. पहिल्या दिवशी मी 'श्यामची आई' घेऊन बसले होते, लहानपणी वाचलेलं पण सगळं आठवत नव्हतं, तर त्या म्हणाल्या मोठ्याने वाच गो जरा. वाचली पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी साडेसातला त्या स्वतःच येऊन खुर्चीत बसल्या. त्या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, रोज एक म्हटलं तरी मृगाला सुरू केलेलं पुष्य लागायच्या आत संपलं असतं, पण रोज एक होतच नाही, कारण आई मध्ये थांबवतात आणि त्यांचं सुरू होतं. पत्रावळीचं प्रकरण आलं त्या दिवशी तर वाचन तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वडाची पानं आणायला लावली, माडाच्या झावळीचे हीर काढायला लावले आणि पडवीत बसून नुसत्या बोटांच्या अंदाजाने पत्रावळ लावली. पान उलटं की सुलटं ते अंगठा फिरवून शिरेवरून ओळखत होत्या. हीर टोचून मोडायचा कसा ते मला तीनदा दाखवलं तरी माझी पानं सुटत होती. त्या दिवशी एक पानही वाचून झालं नाही.

तर आम्ही एकोणतिसाव्या रात्रीवर आहोत. ग्रूपवर लोक सहावं सातवं पुस्तक टाकतायत, फोटो, स्टार, सगळं. मला स्वतःचं वेगळं वाचायला दुपारी तासभर मिळतो, त्यात कधी लाईट नाही कधी झोप येते. आता तीन गोष्टी विचारायच्यात. असं दुसऱ्याला वाचून दाखवलेलं पुस्तक माझ्या नऊमध्ये धरायचं का, ही एक. ग्रूपमधून नाव काढून घेऊ का, कारण नऊ होणार नाहीत हे मला आत्ताच दिसतंय, ही दुसरी. आणि तिसरं म्हणजे पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयातून आणते, आठवड्यातून एकदा एसटीने, दोन पिशव्यांत गुंडाळून आणते तरी या दिवसांत पानं गार आणि ओली लागतात, एकाला कडेने काळे ठिपके दिसायला लागलेत. लोकांची पुस्तकं आहेत, खराब करून परत द्यायची लाज वाटते. काय करता तुम्ही?

---

पडवीतली_मावशी
२१ जुलै, रात्री ११:२५

अगं बाई धरायचं का म्हणून काय विचारतेस, तेच तर खरं. मी गुहागरकडची, आता पासष्टीची आहे. आमच्याकडे चातुर्मासात पोथी लावायचे. हरिविजय असेल तर ३६ अध्याय, रामविजय असेल तर ४०, रोज रात्री जेवणं झाली की एक. वाचणारा एकच असायचा, आमचे आजोबा, ते नसले की मोठे काका. बाकी सगळे ऐकायला. बायका माजघरात दाराच्या आत बसून वाती वळायच्या, शेजारच्या घरातली दोन म्हातारी माणसं इरली डोक्यावर घेऊन पावसातून यायची, आम्ही पोरं पेंगायचो. मध्येच कुणीतरी विचारायचं याचा अर्थ काय, मग त्यावर अर्धा तास. समाप्तीला प्रसाद व्हायचा आणि घरोघरी सांगायचे की आमच्याकडे यंदा हरिविजय झाला. आमच्याकडे झाला, असं म्हणायचे. आजोबांनी वाचला आणि बाकीच्यांनी नुसता ऐकला असं मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं पण शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तोंडपाठ होता, वाचणारा चुकला की आतून आवाज यायचा. तिने शिवलीलामृत वाचलं नव्हतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तुझ्या सासूबाईंचंही एक पुस्तक झालं आणि तुझंही झालं. नाव काढू नकोस. त्यांनाही ग्रूपमध्ये घाल हवं तर.

---

रत्नांग्री_९०
२२ जुलै, सकाळी ७:५०

मावशींचं पटलं, पण थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. वाचून दाखवलेलं शंभर टक्के धरा, त्यात प्रश्नच नाही, शब्द न शब्द तुमच्या तोंडून गेलाय, डोळ्यांनी सरसर वाचणारे आम्ही निम्मं गाळतो. पण चॅलेंजमध्ये आकडा असतो तो उगाच नसतो हेही तितकंच खरं आहे. मी चार वर्षं एकही पुस्तक पूर्ण केलं नव्हतं, फोन हातात असायचा, आणि असल्याच एका चॅलेंजमुळे परत वाचायला लागलो, कारण पंधरवड्याला कुणीतरी विचारणार होतं की काय झालं तुमचं. त्यामुळे कितीही झाली तरी चालतील असं मी म्हणणार नाही. तुम्ही आकडा बदला पण आकडा ठेवा.

बाहेर लोक हे उघडपणे करतात. इंग्रजी वाचणाऱ्यांत ट्वेंटी बुक्स ऑफ समर म्हणून एक उपक्रम चालतो, जून ते ऑगस्ट, म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि नेमका आपला पावसाळा. नाव वीसचं असलं तरी पंधरा किंवा दहा घेतली तरी चालतात, यादीतलं पुस्तक मध्येच बदललं तरी कुणी काही म्हणत नाही. तुम्ही ग्रूपवर सरळ लिहा की माझे नऊचे पाच केले. कुणी हसणार नाही, उलट अजून दहा जण लिहितील की आमचेही करा.

दुसरं, पुस्तकं निवडताना जाडी बघा. गेल्या वर्षी मी 'तुंबाडचे खोत' घेतलं होतं, दोन खंड, पावसाळा अर्धा त्यातच गेला. पश्चात्ताप अजिबात नाही, असं पुस्तक पावसातच वाचावं, पण चॅलेंजमध्ये ते एक धरायचं की दोन यावर ग्रूपवर दोन दिवस चर्चा झाली, शेवटी एकच धरलं. यंदा मी मध्ये मध्ये नाटकं घेतोय. ऐंशी-शंभर पानांचं नाटक दोन संध्याकाळी होतं, आणि मोठ्याने वाचायला नाटकासारखं काही नाही, घरात दुसरं कुणी वाचणारं असेल तर पात्रं वाटून घ्या. आपलं रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे नाटकांची कपाटं कुणी उघडत नाही म्हणून पुस्तकं लगेच मिळतात. तुमच्या वाचनालयातही तसंच असणार, विचारून बघा.

---

चिपळूणकर_वाशिष्ठी
२२ जुलै, सकाळी ९:१५

आज २२ जुलै आहे म्हणून ओल्या पुस्तकांबद्दल वाचून गलबललं. २०२१ ला आजच्याच दिवशी आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. तळमजल्यावर दोन कपाटं भरून पुस्तकं होती, वडिलांनी चाळीस वर्षांत जमवलेली. आमच्या गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, तिथेही पाणी शिरलं आणि पुष्कळ पुस्तकं गेली. चिखलातून वर काढलेलं पुस्तक हातात घेतलं की किती जड लागतं ते ज्याने धरलंय त्यालाच कळेल, वीट उचलल्यासारखं वाटतं.

तेव्हा जे शिकलो ते सांगतो, काही गोष्टी चुका करून शिकलो. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणी उकलते. नुसतं दमट असेल तर उभं करून पानं पंख्यासारखी पसरा आणि खरोखरचा पंखा लांबून हळू चालू ठेवा. जास्त ओलं असेल तर दर दहा-पंधरा पानांनंतर कोरा टिपणारा कागद घाला आणि दर दोन-तीन तासांनी बदला, पूर्ण भिजलेलं असेल तर पानं ओढून उघडायला जाऊ नका, फाटतात. गुळगुळीत छपाईची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटतच नाहीत, त्यामुळे ती आधी बघा. बुरशी दोन दिवसांत धरायला लागते. एकदम खूप पुस्तकं भिजली आणि सगळ्यांकडे बघायला वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची, बुरशी थांबते, मग एकेक काढून वाळवता येतं. हे मला पूर गेल्यावर आठवड्याने कळलं. तोवर लाईटही नव्हती म्हणा.

तुमच्या काळ्या ठिपक्यांना एवढं सगळं लागणार नाही. ते पुस्तक आधी बाकीच्या पुस्तकांपासून बाजूला काढा, नीट वाळवा, मग पडवीत नाकातोंडाला रुमाल बांधून मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, बुरशी पसरते. घरात ठेवताना भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, कोकणातल्या भिंती पावसाळ्यात घाम गाळतात. आणि परत देताना वाचनालयात सांगून द्या. लाज वाटू देऊ नका, त्यांच्याकडे अशी पुस्तकं रोज येतात, लपवून दिलेलं पुस्तक मात्र शेजारच्या दहा पुस्तकांना लागतं.

---

बंदरावरचो_झील
२२ जुलै, दुपारी २:३०

मालवणातसून लिहितंय. आमचो प्रश्न पण तसलोच आसा म्हणान मध्ये बोलतंय. पुढचं तुमच्या भाषेत लिहितो, नाहीतर सगळ्यांना कळायचं नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, आम्ही जाळी दुरुस्त करत बसतो. दोन महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडीवर जाळं आणि हातात सुई. हात रिकामे नसतात पण कान रिकामे असतात. मी दोन वर्षांपासून ऑडिओबुक ऐकतो, फोन प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतो म्हणजे पाणी लागत नाही आणि आवाजही मोठा येतो. यंदा जूनपासून चार झाली. आधी एकटाच ऐकायचो, आता बाजूचे दोघे तिघे जण पण ऐकतात, एकजण मध्येच उठून गेला तर परत आल्यावर विचारतो मेलो काय तो?

मी कुठल्याच चॅलेंजमध्ये नाव दिलं नाही कारण मला वाटायचं ऐकलेलं वाचन धरत नाहीत. मला शाळेत असताना मोठी वाक्यं वाचायला जमायची नाहीत, अक्षरं नाचायची, मास्तर ओरडायचे, म्हणून पुस्तकाकडे गेलोच नाही कधी. मावशींनी त्या आजीबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. ताई, तुमच्या सासूबाई धरल्या तर मग मीपण धरला काय?

---

पडवीतली_मावशी
२२ जुलै, दुपारी ३:०५

धरला रे बाबा धरला. चार झाली तुझी. नावं लिही इथे.

---

दापोलीची_शिक्षिका
२२ जुलै, रात्री ९:००

मालवणच्या दादांना आधी सांगते, ज्या मुलांची अक्षरं नाचतात त्यांना आम्ही आता वर्गात मुद्दाम ऐकवतो, आणि ती मुलं पुस्तकावर जे बोलतात ते वाचून आलेल्या मुलांपेक्षा पुष्कळदा खोल असतं. तुम्ही वाचक आहात. तुमच्या मास्तरांनी तेव्हा हे ओळखायला हवं होतं, मी स्वतः शिक्षिका आहे म्हणून मला हे जास्त लागतं.

आता ताईंसाठी. मी गेल्या वर्षी असल्याच एका चॅलेंजची यादी सांभाळायचे, शंभरावर माणसं होती. सुरुवातीला सगळे उत्साहात असतात आणि आर्द्रा संपता संपता निम्मे गप्प होतात. गप्प होणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मी मेसेज केला तर प्रत्येकाचं कारण तुमच्यासारखंच होतं, मागे पडलो म्हणून लाज वाटली. वाचन त्यांचं चालूच होतं! फक्त सांगायचं बंद झालं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण सात पुस्तकांच्या फोटोपेक्षा मला तुमची वडाच्या पानांची गोष्ट ग्रूपवर वाचायला आवडली असती. यादीत सगळ्यात वर असणाऱ्यांना पुढचं पुस्तक कुठलं घ्यावं ते तुमच्यासारख्यांच्या लिहिण्यातूनच सापडतं. तेव्हा तिथे लिहा, इथे लिहिलंत तसंच.

लाईटचं म्हणाल तर आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माड-पोफळी आडव्या झाल्या, घराची कौलं उडाली, आमच्या वाडीत लाईट यायला कितीतरी दिवस गेले. टीव्ही नाही, फोनला चार्जिंग नाही. माझ्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा जाडं पुस्तक पूर्ण केलं, संध्याकाळी पाचच्या आत, पुढच्या दारात बसून, कारण नंतर दिसायचंच नाही. तेव्हापासून आमच्या घरात दिवेलागणीआधीचा एक तास वाचनाचा, लाईट असली तरी. दुपारी झोप येते ना तुम्हाला, तर वेळ बदलून बघा.

पुस्तक सुचवायचं तर सासूबाईंसाठी पुढे गो. नी. दांडेकरांचं 'पडघवली' घ्या. १९५५ चं आहे. सगळी गोष्ट एक कोकणातली बाई, अंबूवहिनी, स्वतःच्या तोंडाने सांगते, त्यामुळे मोठ्याने वाचताना आपण वाचतोय असं वाटतच नाही, बोलतोय असं वाटतं. त्या मध्ये मध्ये थांबवणार हे नक्की, त्याची तयारी ठेवा.

---

चाकरमानी_डोंबिवली
२३ जुलै, सकाळी ६:४०

लोकल पकडायच्या आधी दोन ओळी. गाव विजयदुर्गाकडे. गणपतीला येतोय, दरवर्षी सामानात एक पिशवी पुस्तकांची असते, वाचून झालेली, गावच्या घरी ठेवायला. यंदा 'पडघवली' आणि चार-पाच नाटकं घेऊन येतो. ताई तुम्ही ज्या वाचनालयात जाता तिथेच देतो, म्हणजे तुम्हाला मिळतील आणि नंतर इतरांनाही. मोठ्या अक्षरातलं काही मिळालं तर तेही बघतो. रत्नागिरीच्या दादांनी नाटकांचं सांगितलं ते एकदम बरोबर, आमच्या घरी गणपतीत रात्री जागायला पत्ते असायचे, यंदा एक रात्र नाटक वाचून बघायचा विचार आहे.

---

खाडीकाठची_वाचक
३१ ऑगस्ट, रात्री ९:५५

उशिरा लिहितेय, मध्ये रेंज आणि लाईट दोन्हीचा खेळ चालू होता, मोरीवरून पाणी गेलं म्हणून एसटी पण दोन वेळा आली नाही. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी ते सगळं आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. गुहागरच्या मावशींचं ऐकून त्या म्हणाल्या, ही बाई आपल्यातली आहे. मालवणच्या दादांची चार पुस्तकं त्यांनी दोनदा विचारली.

ग्रूपवर लिहिलं, नऊचे पाच केले. त्याच रात्री सात जणांनी आपापला आकडा बदलला. एकीने लिहिलं की ती पाळण्यातल्या बाळाला वाचून दाखवते, धरायचं का, तर सगळे एकदम हो म्हणाले.

'श्यामची आई' ४ ऑगस्टला संपलं. शेवटच्या दोन रात्री मला वाचवत नव्हतं, आवाज अडकत होता, आईच म्हणाल्या पाणी पी आणि वाच, आज संपवायचंय. समाप्ती म्हणून त्यांनी नारळाच्या वड्या करायला लावल्या. मग माझं माझं एक संपलं, दिवेलागणीच्या आधीच्या तासात, आणि एक नाटक आम्ही तिघांनी मिळून वाचलं, मुलगा आठवीत आहे, त्याने सगळे म्हाताऱ्यांचे आवाज काढले. म्हणजे पुष्याआधीचं एक धरून चार झाली. पाचवं कालपासून सुरू केलंय.

ठिपक्यांचं पुस्तक चिपळूणच्या दादांनी सांगितलं तसं झटकून, वाळवून, सांगून परत दिलं. काऊंटरवरच्या काकांनी काही म्हटलं नाही, वेगळं ठेवलं आणि आता पुढचं पुस्तक देताना आतून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून देतात.

अजून एक दाखवायचं होतं. त्या पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला आहे, शिक्क्यांचा. परत द्यायच्या आधी मी सहज वाचत बसले. सगळ्यात जुना शिक्का १९८६ चा. आणि जवळजवळ सगळे शिक्के जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे. जुलै ८९, ऑगस्ट ८९, ऑगस्ट ९१, एका वर्षी जुलैत तीन. मार्च, एप्रिल, मे जवळपास नाहीतच, तेव्हा सगळे बागेत नाहीतर काजूत असणार. मी आईंना ते वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं ९१ ची तारीख काय आहे. १२ ऑगस्ट, मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या तेव्हा आमच्याकडे तुझे सासरे पुस्तकं बदलून आणायचे, सायकलवरून, शर्टाच्या आत घालून. ते हेच पुस्तक होतं की नाही ते त्यांना आठवत नाही. मी कागदाचा फोटो काढून ठेवलाय.

डोंबिवलीच्या दादा, गणपतीला वाट बघतोय. वाचनालय दुपारी बंद असतं, साडेचारनंतर या.